पाऊस आमच्या डोंगरावर, आकडा त्यांच्या कचेरीत



पावसाच्या आकड्यासाठी संघटनेने कशाला भांडायचं, असं काही जण विचारतील. दळीचा दावा, सातबारा, रस्ता, रेशन हे समजतं. पण पाऊस मोजणं हे काय आपलं काम? पाऊस पडतो, आपण भिजतो, नाचणी उभी राहते नाहीतर वाहून जाते. त्यात मोजायचं काय?

आम्ही म्हणतो, भांडायलाच पाहिजे. कारण पावसाचा आकडा आता सातबाऱ्यासारखाच कागद झाला आहे. ज्याच्या नावावर आकडा नाही त्याचं नुकसान झालंच नाही. ज्या डोंगरावर यंत्र नाही तिथे पाऊस पडलाच नाही. आणि ज्या वाडीचं नाव यादीत नाही तिच्यावर दरड कोसळली तरी साहेबांना ती आधी माहीत नव्हती. पिढ्यान् पिढ्या आपल्याला सांगितलं, तुमच्याकडे कागद नाही म्हणून जमीन तुमची नाही. आता तेच पावसाबद्दल, उन्हाबद्दल, दरडीबद्दल चाललं आहे.

पासष्ट मिलिमीटरचा न्याय

पहिल्यांदा हिशेब समजून घेऊ. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस नोंदला गेला की त्याला अतिवृष्टी म्हणतात. मग पंचनामा. पंचनाम्यात ३३ टक्क्यांहून जास्त पीक गेलं असं लिहिलं गेलं तर भरपाई. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे रात्री बारा ते पहाटे चारपर्यंत पाऊस कोसळला तर तो एका दिवसात धरला जाईल. पण तोच पाऊस पहाटे सहा ते अकरा पडला तर अर्धा काल, अर्धा आज. दोन्ही दिवसांचे आकडे ६५ च्या खाली. तुमचं भात मात्र एकाच वेळी आडवं झालेलं असतं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे काय? एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर साडेसहा हजार लिटर. सपाट खाचरात हे पाणी साठतं. आपल्या उतारावरच्या दळीवर ते थांबत नाही, माती घेऊन खाली जातं. उतारावर ५० मिलिमीटर पाऊस अर्ध्या तासात पडला तर वरी, नाचणी मुळासकट जाते. कायद्याला ५० दिसतात, उतार दिसत नाही.

आता हे ६५ मोजतो कोण? २०१७ पासून राज्य सरकारने ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला. सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीत महसूल मंडळांत सुमारे दोन हजार स्वयंचलित यंत्रं बसवली. मंडळाला एक यंत्र. मंडळ म्हणजे एक गाव नाही, अनेक गावं, आणि त्या गावांच्या मागे डोंगरात आपल्या वाड्या. सरकार आता म्हणतं, ग्रामपंचायतीपर्यंत यंत्र नेऊ. चांगलं आहे. पण आपली ग्रामपंचायत म्हणजे पुन्हा खालचं रस्त्याकाठचं गाव. यंत्र पंचायतीच्या आवारात लागणार, वाडी तिथून दोन डोंगर वर.

आमच्यातल्या एका वाडीला कचेरीतून उत्तर मिळालं, ‘तुमच्या मंडळात त्या दिवशी अतिवृष्टीची नोंद नाही.’ वाडीतल्या म्हाताऱ्या आजीने विचारलं, ‘भाऊसाहेब, मग ही दळी कोणी धुतली?’ याला उत्तर नव्हतं. उत्तराचा रकानाच त्या कागदात नाही.

एका यंत्राने किती मुलूख सांगता येतो हे सरकारला माहीत नाही असं नाही. २६ जुलै २००५ ची आठवण करा. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझच्या यंत्राने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. कुलाब्याच्या यंत्राने मोजला ७३ मिलिमीटर. दोन्ही यंत्रं एकाच खात्याची, एकाच शहरातली, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. त्या दिवशी मुंबईत फक्त कुलाब्याचंच यंत्र असतं तर सरकारी कागदावर मुंबई बुडालीच नसती. मधल्या वीस किलोमीटर सपाट जमिनीवर इतका फरक पडतो, तर पनवेलची बाजारपेठ आणि माथेरानच्या कड्याखालच्या वाड्या यांत किती पडेल? समुद्रावरून येणारा ढग डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिकामा होतो. म्हणून वर्षभरात कुलाब्याला जेवढा पाऊस पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट, कधी त्याहून जास्त, माथेरानला पडतो. हे शाळेच्या पुस्तकात आहे. भरपाईच्या नियमात नाही.

मुंबईने २००५ नंतर धडा घेतला. आज तिथे शहरभर पावसाची यंत्रं आहेत, जून २०२० पासून पुराचा आगाऊ इशारा देणारी वेगळी यंत्रणा आहे. झालं ते बरोबरच झालं, मुंबईतल्या झोपडपट्टीत आपलेच भाऊबंद राहतात. पण धडा फक्त शहरासाठी का?

मोजायचं असलं की सरकार मोजतं

हवामान खातं गरीब आहे, माणसं नाहीत, पैसे नाहीत, असं आम्हाला सांगितलं जातं. मग जरा इतिहास बघू.

मुंबईच्या कुलाब्याला कंपनी सरकारने १८२६ साली वेधशाळा उभारली. देशाचं हवामान खातं १८७५ साली निघालं. का निघालं? १८६४ साली कलकत्त्याला मोठं वादळ झालं, पुढे १८६६ आणि १८७१ साली पाऊस गेला. जहाजं बुडाली, शेतसारा बुडाला, तेव्हा सरकारला आभाळाकडे बघावंसं वाटलं. ध्यानात ठेवा, वनखातंही १८६४ सालचंच, आणि जंगल राखीव करणारा कायदा १८७८ चा. एका खात्याने आभाळ मोजायला घेतलं, दुसऱ्याने त्याच काळात आपल्या पायाखालचं जंगल मोजून कुंपण घातलं. दोन्ही वेळा मोजणाऱ्याने वाडीला विचारलं नाही.

आता कळंबोलीला या. आपली कितीतरी माणसं तिथे लोखंड बाजारात हमालीला, नाक्यावर बिगारीला जातात. हायवेला लागून एक मोठी सरकारी संस्था आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्था. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणं हे तिचं काम. ती कुलाब्याच्याच वेधशाळेची लेक. कुलाब्याला १८४१ पासून चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायचं ठरलं. विजेमुळे सुई हलेल, नोंद बिघडेल, म्हणून १९०४ साली आपल्या रायगडात, अलिबागला नवी वेधशाळा बांधली. इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही. जुन्या आणि नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून दोन्हीकडे काही काळ बरोबरच मोजणी केली. तेव्हापासून ही नोंद चालू आहे. या संस्थेची माणसं अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत जाऊन मोजतात.

आमचा त्या शास्त्रज्ञांवर काही राग नाही. ते त्यांचं काम नेकीने करतात, जगात त्याला मान आहे. आम्ही एवढंच दाखवतो की सरकारच्या मनात आलं तर ते शंभर वर्षांहून जास्त काळ एक दिवस न चुकता मोजू शकतं. सुई हलू नये म्हणून अख्खी वेधशाळा समुद्राच्या पलीकडे नेऊ शकतं. त्याच रायगड जिल्ह्यात डोंगर हलतोय हे वाडीने सांगितलं तर मात्र फाइल हलत नाही.

इर्शाळवाडी: धरणाचं पाणी मोजलं, माणसं मोजली नाहीत

१९ जुलै २०२३ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी ठाकर भावांची इर्शाळवाडी झोपेत गाडली गेली. सव्वादोनशेच्या वर लोकवस्ती. २७ देह सापडले. ५७ माणसं मातीतच राहिली. २३ जुलैला शोध थांबवला. वाचलेल्यांना चौकला पत्र्याच्या कंटेनरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी विधानसभेत सरकारने सांगितलं, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आणि सांगितलं, त्या भागात तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. तीन दिवसांत ५०० मिलिमीटर हा आकडा सरकारकडे होता. तो दुर्घटनेनंतर विधानसभेत वाचायला उपयोगी पडला. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, वाडी खाली उतरवायला तो का उपयोगी पडला नाही? हा आकडा कुठल्या यंत्राचा? ज्या वाडीला रस्ता नव्हता, मदतीला आलेले जवान तास-दीड तास चिखलातून चढून गेले, तिथे यंत्र कुठून असणार? म्हणजे खालचा आकडा ५००, मग वर किती होता ते कोणालाच माहीत नाही.

आणि यादी कशी बनते तेही समजून घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही केंद्र सरकारची संस्था दरडींचे नकाशे करते. २०१४ पासून देशभर जे नकाशे केले त्यांचं प्रमाण ५० हजाराला एक. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. पंचेचाळीस-पन्नास घरांची वाडी त्या कागदावर तांदळाच्या दाण्याएवढी. डोंगराची भेग कुठून जाते, झरा कधी गढूळ झाला, कुठला दगड सुटलाय, हे त्या नकाशात मावत नाही. ते वाडीतल्या गुराख्याला माहीत असतं. नकाशा करणाऱ्याने गुराख्याला विचारायची पद्धतच नाही.

याहून कडवी गोष्ट ऐका. इर्शाळगडाच्या खाली मोरबे धरण आहे, नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं. पावसाळ्यात त्या धरणावर किती मिलिमीटर पाऊस झाला, पाणी किती मीटरवर आलं, ८८ मीटरला धरण भरायला किती बाकी, हे रोज मोजलं जातं आणि पेपरात छापून येतं. शहराच्या नळाचा तो प्रश्न आहे. म्हणजे त्या डोंगरावरचा पाऊस मोजला जात नव्हता असं नाही. तो पाण्यासाठी मोजला जात होता. पाण्याच्या वर राहणाऱ्या माणसांसाठी मोजला जात नव्हता.

हे पहिल्यांदाच झालं का? ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात महादेव कोळ्यांचं माळीण गाव गेलं, दीडशे माणसं गेली. तेव्हा गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा कोणत्या खात्याला कळलं? कोणत्याच नाही. ते एसटीच्या ड्रायव्हरला कळलं. २२ जुलै २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात महाड तालुक्यातलं तळिये गेलं, ऐंशीहून जास्त माणसं. प्रत्येक वेळी नंतर समिती, नंतर नकाशा, नंतर यादी. आमची मागणी आहे, आधी.

आणखी एक शब्द पकडून ठेवा, ‘ढगफुटी’. दुर्घटना झाली की साहेब लगेच म्हणतात ढगफुटी झाली, निसर्गाचा कोप, कोणाचा दोष नाही. हवामान खात्याच्या व्याख्येत ढगफुटी म्हणजे छोट्याशा भागात एका तासात १०० मिलिमीटरच्या वर पाऊस. तासाचा पाऊस मोजायचं यंत्र तिथे होतं का? नव्हतं तर ढगफुटी कशी मोजली? गंमत बघा, दोष झटकायचा असला की मोजल्याशिवाय ढगफुटी, आणि भरपाई द्यायची असली की मोजल्याशिवाय ६५ सुद्धा नाही.

ऊन सावलीत मोजतात, आम्ही उन्हात उभे

पावसाचं झालं, आता उन्हाचं. कळंबोलीच्या शेजारी खारघर. १६ एप्रिल २०२३ ला तिथल्या मैदानावर सरकारचा महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर दुपारी उघड्यावर बसवली. मंचावर मांडव होता, लोकांवर नव्हता. उष्माघाताने १४ जीव गेले. नवी मुंबईत त्या दिवशी तापमानाची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती. ३८ म्हणजे विदर्भातला माणूस हसेल. पण हा आकडा कसा मोजतात? पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. उन्हात, सिमेंटवर, माणसांच्या गर्दीत, खाडीच्या दमट हवेत अंगाला जे लागतं ते या आकड्यात नाही. घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, माणूस कोसळतो.

त्या घटनेनंतर सरकारने जाहीर केलं, उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत. ठीक. पण लोखंड बाजारात तापलेली सळई उचलणारा, नाक्यावर कामाची वाट बघणारा, वीटभट्टीवर कच्ची वीट थापणारी कातकरी बाई, यांचं काम म्हणजे ‘कार्यक्रम’ नव्हे. त्यांना १२ ते ५ ची सुट्टी कोण देणार? आणि भट्टीवर माणूस गेला तर कागदावर काय लिहितात? ताप आला, दारू प्यायला, चक्कर आली. उन्हाने मेला असं लिहायचं तर आकडा लागतो, आणि आकडा पुन्हा दुसरीकडच्या पेटीतला.

कळंबोलीत सेक्टर २ ई मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजायचं यंत्र आहे, तळोज्याकडे तोंडरे इथेही आहे. हवेतली धूळ, धूर यांचा आकडा त्यातून इंटरनेटवर येतो. म्हणजे तिथल्या माणसाला निदान म्हणता येतं, ‘बघा, आज हवा वाईट आहे.’ त्याच हवेखाली असलेल्या भट्टीजवळच्या, खाणीजवळच्या वाडीला तेवढंही म्हणता येत नाही. क्रशरची धूळ पानावर बसते, पोरं खोकतात, कागद कोरा.

शास्त्रज्ञ बोलतात, फाइल गप्प

‘सरकारी आकडे सगळे खोटे, टाकून द्या’ असं आपल्यातले काही साथी म्हणतात. त्यांचा राग आम्हाला कळतो, पण हे म्हणणं आम्हाला पटत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या जवळ किनाऱ्याला लागलं. ते येणार हे हवामान खात्याने आधी सांगितलं होतं, म्हणून हजारो माणसं हलवता आली. घरं, आंबा, सुपारी गेली, पण माणसं वाचली. हे सरकारी यंत्रानेच केलं.

पुण्यात केंद्र सरकारची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली जगापुढे मांडलं की १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या. अरबी समुद्र तापला आहे, तिथली वाफ झटक्याने आत येते. २०२० साली केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने अहवाल काढला. त्यात लिहिलं आहे की १९०१ पासून २०१८ पर्यंत देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशाने वाढलं, आणि पावसाळ्याचा एकूण पाऊस १९५१ पासून सुमारे सहा टक्क्यांनी घटला. म्हणजे एकूण पाऊस कमी, पण पडतो तेव्हा घाव घालून पडतो. मधले दिवस कोरडे. आपली म्हातारी माणसं हेच सांगतात, पावशा ओरडतो पण पेरलेलं करपतं, आणि काढणीच्या वेळी धो धो. शास्त्रज्ञ आणि आजी एकच गोष्ट बोलतात. मधली कचेरी दोघांचं ऐकत नाही.

शास्त्रज्ञांचं तोंड बंद करायची रीतही जुनी आहे. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रानेच समिती नेमली. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. घाटात खाण, धरण, कारखाना यांचा निर्णय ग्रामसभेला विचारून घ्या, अशी त्याची दिशा होती. मंत्रालयाने अहवाल दाबून ठेवला. माहितीच्या अधिकारात मागितला तर नकार दिला. केंद्रीय माहिती आयोगाने द्या म्हटलं, मंत्रालय दिल्ली हायकोर्टात गेलं, तिथेही हरलं, तेव्हा मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. लोकांच्या पैशाने केलेलं लोकांच्या डोंगराचं शास्त्र लोकांपासून नऊ महिने कुलुपात होतं.

म्हणून आमचं म्हणणं साफ आहे. यंत्र खोटं बोलत नाही. यंत्र कुठे लावायचं हे ठरवणारा, आकडा कोणाला द्यायचा हे ठरवणारा, आणि आकडा नाही म्हणून माणसाला नाही म्हणणारा, भांडण त्याच्याशी आहे. आकडे टाकून द्यायचे नाहीत. मिळवायचे, वाचायचे, आणि नसतील तिथे आपण करायचे.

उपग्रहाला दळी दिसत नाही

वरून बघणाऱ्या डोळ्याचा अनुभव आपल्याला वनहक्काच्या दाव्यात आला आहे. ‘उपग्रहाच्या चित्रात तुमचं शेत दिसत नाही’ म्हणून दावे फेटाळले. आंब्या-मोहाच्या सावलीतली, एक वर्ष कसून दोन वर्षं टाकलेली दळी वरून जंगलच दिसणार. पण कायदा काय म्हणतो? वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, उपग्रहाचं चित्र पुराव्याला जोड म्हणून वापरा, पुराव्याच्या बदली नाही. आणि त्याच नियमांत वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे.

आता दुसरी बाजू बघा. देशात जंगल किती हे मोजणारी सरकारी संस्थाही उपग्रहच वापरते. एक हेक्टरवर १० टक्के झाडांची सावली दिसली की ते जंगल, मग ती लागवड असो की बागायत. म्हणजे कंपनीने लावलेली निलगिरी उपग्रहाला जंगल दिसते आणि आपली दळी शेत दिसत नाही. शहराकडे जंगल कापायचं, त्याच्या बदल्यात झाडं लावायला २०१६ चा कायदा करून पैसा जमवायचा, आणि खड्डे खणायला येताना आपल्या दळीवर यायचं. वर सांगायचं, हवामान बदल रोखतोय. कोणी केला तो बदल? वाडीत एक बल्ब आणि एक चूल आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, जमिनीसाठी वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, तर पावसासाठी का नाही? २००५ च्या आधीपासून कसतो हे आजोबा सांगू शकतात, तर २२ तारखेच्या रात्री ओढ्याला किती पाणी होतं हे का सांगू शकत नाहीत?

मग करायचं काय

नुसतं ओरडून चालणार नाही. येत्या पावसाळ्यापासून प्रत्येक वाडीने आपलं पर्जन्यमापक ठेवायचं. खर्च जवळजवळ शून्य. सरळ भिंतींचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा घ्या. तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील असा उघड्यावर घट्ट रोवा. झाडाखाली नको, पागोळीजवळ नको. रोज सकाळी साडेआठला, सरकारच्याच वेळेला, आत पट्टी घालून पाणी किती मिलिमीटर आहे ते बघा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. आठवी-नववीतली पोरगी हे काम सहज करते. जोरात पडत असेल तर तासातासाला वेगळं लिहा. वहीत आणखी चार गोष्टी लिहा: ओढा कुठपर्यंत आला, झरा गढूळ झाला का, जमिनीला भेग पडली का, कुठलं पीक किती गेलं. महिन्याच्या ग्रामसभेत वही वाचा, सह्या-अंगठे घ्या, ठराव करा.

‘तुमच्या डब्याला कोण विचारतो’ असं साहेब म्हणतील. म्हणू द्या. वनहक्काच्या दाव्याच्या वेळीही असंच म्हणाले होते. पंचवीस वाड्यांच्या पंचवीस वह्या एका तारखेला एकच गोष्ट सांगायला लागल्या की नाही म्हणणाऱ्याला स्वतःची वही दाखवावी लागते. आणि त्याच्याकडे वही नाही.

एक सावधगिरी. डबा मोजतो, वाचवत नाही. रात्री पाऊस थांबत नाही, झरा गढूळ झाला, झाडं कलली, दारं चौकटीत अडकायला लागली, तर आकड्याची, तलाठ्याची, कोणाचीच वाट बघू नका. म्हातारी-पोरं घेऊन बाहेर पडा. कुठल्या बाजूला जायचं ते आजच ठरवून ठेवा.

दुसरं काम माहितीच्या अधिकाराचं. अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्याला फुकट. विचारायचं: आमच्या मंडळाचं यंत्र नेमकं कुठे आहे, समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, गेल्या पाच वर्षांत किती दिवस बंद होतं, आणि आमच्या वाडीचा दरडीचा अभ्यास झाला का, झाला असेल तर तो मराठीत द्या. ही माहिती सरकारने आपण होऊन जाहीर करायची असं त्याच कायद्याचं चौथं कलम सांगतं. २०१२ च्या केंद्राच्या धोरणातही आहे की जनतेच्या पैशाने गोळा केलेली, गुप्त नसलेली माहिती जनतेला खुली असावी. आपण भीक मागत नाही.

रायगडात पेसा नाही, म्हणून काही साहेब ग्रामसभेला किंमत देत नाहीत. त्यांना सांगा, २००६ चा वनहक्क कायदा रायगडातही आहे, आणि जंगल, पाणलोट, जीवसृष्टी सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला त्यात दिला आहे. पाणलोट सांभाळायचं तर पाऊस मोजणं त्यातच आलं.

पनवेलच्या तहसीलदारांकडे आणि अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे आपण या मागण्या घेऊन जाणार आहोत:

१. डोंगरातल्या वाड्यांच्या प्रत्येक गटासाठी पावसाचं यंत्र वाडीच्या उंचीवर बसवा. ते सांभाळायचं काम वाडीतल्याच मुला-मुलींना पगारावर द्या.

२. जिथे यंत्र नाही तिथे ६५ मिलिमीटरची अट लावू नका. ग्रामसभेची वही आणि जागेवरचा पंचनामा धरा. वनपट्टा असो, दळी असो, दावा पडून असो, कसणाऱ्याला भरपाई द्या.

३. दरडीचे नकाशे मराठीत ग्रामसभेत आणा, वाडीबरोबर डोंगर फिरून दुरुस्त करा. हलवायचं असेल तर वाडीच्या संमतीने, वनहक्क शाबूत ठेवून, आणि पावसाळ्याच्या आधी.

४. उन्हाचा इशारा असेल त्या दिवशी नाका, बाजार, भट्टी, रोजगार हमी इथे दुपारचं काम बंद, मजुरी चालू.

५. रोजचा पाऊस रेशन दुकानाच्या आणि शाळेच्या फळ्यावर मराठीत लिहा. जुन्या नोंदी ग्रामसभेला फुकट द्या. खासगी कंपनीने मोजला म्हणून पाऊस खासगी होत नाही.

कळंबोली-पनवेलच्या चाळींत, सोसायट्यांत राहणाऱ्या कामगार भावांनाही आमचं सांगणं आहे. सिडकोने कळंबोली भरतीच्या पातळीहून खाली वसवली आहे, धारण तलाव आणि झडपांच्या भरवशावर. माथेरानच्या डोंगरावर पडलेला पाऊस गाढी नदीतून पनवेलच्या खाडीकडेच येतो. भरती आणि वरचा पाऊस एका वेळी आला की काय होतं ते तुम्ही २००५ साली पाहिलं आहे. वाडीचा डबा भरला हे तुम्हाला दोन तास आधी कळलं तर तुमची पोरंही वाचतील. तेव्हा आमची मागणी ती तुमचीही मागणी आहे.

पत्रिका वाडीत मोठ्याने वाचा. वही घाला. डबा रोवा.

जमीन आम्ही कसू, जंगल आम्ही राखू, पाऊस आम्ही मोजू!
जिंदाबाद!